वीज काढली म्हणून पाणी निकस होत नाही

“सावधान शेतकरी बांधवांनो” असा सुरू होणारा आणि “आपल्या गावातल्या प्रत्येक ग्रुपवर पाठवा” असा संपणारा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. मी तो आधी दोन ग्रुपवर पाहिला आणि सोडून दिला होता. मग तो मावशीकडून आला. मावशी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राहते, घरची टोमॅटो-कांद्याची शेती आहे. मेसेजखाली तिनं आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता: “तू पोरांना लाईटीचं शिकवतीस ना, मग हे खरं का खोटं ते नीट सांग बाई. इथं ग्रामसभेत वाचून दाखवलं अन् लोकांनी सोलरचा ठराव ठेवला बाजूला.”

ठराव होता उपकेंद्राजवळची जागा सौर प्रकल्पाला भाड्यानं देण्याचा. तो मंजूर झाला असता तर त्या उपकेंद्रावरच्या शेतीच्या मोटारी दिवसा चालण्याची वाट मोकळी झाली असती. ज्या मजकुराखाली कुणाचं नाव नाही, तारीख नाही, त्यानं गावाचा निर्णय थांबवला. म्हणून आता त्यातला प्रत्येक मुद्दा घेते. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल शिकवते आणि मला या खोटेपणाचा राग आला आहे, हे आधीच सांगते.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. सह्याद्रीत जे उदंचन प्रकल्प होत आहेत, त्यात तेच ते पाणी वर-खाली करून त्यातली वीज काढून घेतात, त्यामुळे पाण्यातलं सत्त्व जातं आणि ते पिकाला लागत नाही. या प्रकल्पात शंभर युनिट घालून पंचाहत्तरच परत मिळतात, म्हणजे पंचवीस युनिटची उघड चोरी आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज हे आमिष आहे, सौर प्रकल्पाला जमीन दिली की सातबारा कंपनीच्या नावावर होतो. पॅनेलच्या उष्णतेनं ढग पांगतात. बॅटऱ्या चार-पाच वर्षांत संपतात आणि फुटतात. आणि शेवटी, कोयना पूर्ण ताकदीनं चालवली तर महाराष्ट्राला यातल्या कशाचीच गरज नाही.

सत्त्वापासून सुरुवात करते. ग्रामसभेत लोक याच मुद्द्यावर घाबरले, आणि याहून खोटं त्या मेसेजमध्ये दुसरं काही नाही.

उदंचन प्रकल्प म्हणजे वर एक तलाव, खाली एक तलाव, दोन्हींच्या मध्ये बोगदा आणि बोगद्यात दोन्ही दिशांनी फिरणारं यंत्र. ग्रीडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या एकमेकांना जोडलेल्या जाळ्यात, वीज जास्त असते तेव्हा ती वापरून खालचं पाणी वर चढवायचं. वीज कमी पडते तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज तयार करायची. यातली वीज पाण्याच्या पोटात कधीच नसते. ती उंचीची असते. घरावरच्या हजार लिटरच्या टाकीएवढं पाणी चारशे मीटर खाली आलं, तर यंत्रातली घट धरूनही जवळपास एक युनिट वीज मिळते. त्या पाण्याऐवजी तेवढ्याच वजनाचे दगड खाली आणता आले असते, तरी तेवढीच ऊर्जा मिळाली असती. दगडाचं सत्त्व गेलं असं कुणी म्हणणार नाही.

आता हेच पाणी बोगद्यातून न जाता कड्यावरून पडलं असतं तर काय झालं असतं? पावसाळ्यात घाटघरच्या कड्यांवरून ते पडतंच. पडताना त्याचा आवाज होतो, तुषार उडतात, आणि तळाशी आपटून उरलेली ऊर्जा उष्णता होऊन पाण्यातच जिरते. ती उष्णता किती? चारशे मीटरवरून पडलेलं पाणी त्यामुळे एक अंश सेल्सिअसहूनही कमी तापतं. गणित शाळेतल्या विज्ञानाचं आहे, अकरावीचा मुलगा करून दाखवेल. म्हणजे टर्बाइननं पाण्यातून “काढून घेतलं” ते एवढंच: पाणी एका अंशाहून कमी तापलं असतं, ते तापलं नाही. पाण्यातलं कॅल्शियम तेवढंच राहतं, मॅग्नेशियम तेवढंच राहतं, नायट्रेट तेवढंच राहतं, सामू (पीएच) बदलत नाही. पिकाला पाण्यातून जे मिळतं, त्यातल्या एकाही गोष्टीला टर्बाइन हात लावत नाही.

ज्यांना माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही, त्यांनी ठेवू नये. ठिबक वापरणारे शेतकरी पाण्याचा सामू आणि ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) तपासून घेतातच. वीजघराच्या वरच्या बाजूची एक बाटली आणि खालच्या बाजूची एक बाटली, एकाच दिवशी भरलेल्या, राहुरीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्या. येणारे दोन कागद शेजारी ठेवून वाचा. मेसेज फॉरवर्ड करायला लागतात त्याहून थोडे जास्त कष्ट पडतील.

आणि हा मेसेज अकोले तालुक्यात खरा मानला जावा, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं. आज त्याच्या आवर्तनाचं, म्हणजे सिंचनासाठी पाळीनं सोडलेलं, पाणी वीजघरातून जाऊन प्रवरेत उतरतं, पुढे निळवंड्यात येतं आणि तिथून संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या शिवारात. देशातला पहिला सहकारी साखर कारखाना याच प्रवरेच्या काठी लोणीला उभा राहिला आणि आजही या पट्ट्यातला ऊस याच पाण्यावर येतो. टर्बाइनमधून आलेल्या पाण्यात सत्त्व नसतं, तर प्रवरेच्या काठी आज उसाचं टिपरू दिसलं नसतं. कोयनेचं पाणी वीज करून झाल्यावर डोंगराच्या पश्चिमेला वाशिष्ठीत उतरतं. चिपळूण शहर तिथलं पाणी पितं, आणि कोयनेची वीजनिर्मिती थांबली की चिपळूणला पाण्याची चणचण भासते.

खुद्द उदंचन प्रकल्प म्हणावा तर तोही मावशीच्याच तालुक्यात आहे. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. वरचं धरण अकोले तालुक्याच्या हद्दीत घाटघरला, खालचं ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याला. इतक्या वर्षांत त्या पाण्याचं सत्त्व गेल्याचं एक उदाहरण मेसेज लिहिणाऱ्यानं द्यायला हवं होतं. दिलेलं नाही, कारण नाहीच. टाटांच्या भिरा वीजघरातही १५० मेगावॅटचा असाच संच नव्वदच्या दशकापासून आहे. मेसेज मात्र असा लिहिलाय की जणू हे तंत्र काल परदेशातून आलं आणि पहिला प्रयोग आपल्यावरच होतोय.

यात कणभर खरं आहे, तेवढं मान्य करते. खोल धरणाच्या तळाचं पाणी गार असतं, त्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो, आणि ते एकदम नदीत सोडलं तर लगतच्या पात्रातल्या माशांना त्रास होतो. पण हा परिणाम खोलीचा आहे. धरणाला वीजघर नसतं आणि तळाच्या दारातून पाणी सोडलं असतं, तरी तो झाला असता. शिवाय उदंचनाच्या तलावाची पातळी रोज वर-खाली होते. त्यामुळे काठावर गुरं नेणं, मासेमारी करणं अवघड होतं. हे प्रश्न खरे आहेत आणि विचारायला हवेत. सत्त्वाच्या गप्पांत ते कुणी विचारत नाही.

पंचवीस युनिटच्या “चोरी”कडे येते. आकडा बरोबर आहे. शंभर युनिट वापरून पाणी वर चढवलं तर परत साधारण पंचाहत्तर ते ऐंशी मिळतात. बाकीचे पंप, बोगदा आणि यंत्रातल्या घर्षणात जातात. हे कुणी लपवलेलं नाही, प्रत्येक प्रकल्प अहवालात असतं. पण याला चोरी म्हणणाऱ्यानं कांद्याची चाळ पाहिलेली नाही. उन्हाळ कांदा चाळीत ठेवला की वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब येतात. तरी शेतकरी चाळ बांधतो, कारण एप्रिलमध्ये सगळ्यांचा कांदा एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. वीजबाजारात हेच रोज घडतं, महिन्यांऐवजी तासांत. दुपारी देशभरातले सौर प्रकल्प एकदम वीज ओततात. मे २०२५ मध्ये अशीही दुपार आली की वीज एक्स्चेंजवर भाव जवळजवळ शून्यावर गेला. संध्याकाळी सूर्य मावळतो, घरोघरी दिवे-पंखे लागतात, आणि उन्हाळ्यात तोच भाव चढत युनिटला दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. ही मर्यादा केंद्रीय वीज नियामक आयोगानं घालून दिलेली आहे, नाहीतर तो आणखी चढला असता. दुपारची शंभर युनिटं कवडीमोल असताना पाणी चढवायचं आणि रात्री पंचाहत्तर युनिटं महाग विजेऐवजी वापरायची. यात ग्राहकाचं नुकसान कुठे होतं ते मेसेजवाल्यानं सांगावं. न साठवता सोडलं तर त्या शंभरातली कित्येक युनिटं तयारच होऊ दिली जात नाहीत, सौर प्रकल्पांना निर्मिती कमी करायला सांगितलं जातं. राजस्थानात हे घडलं आहे.

यामागचं कारण साधं आहे, फक्त ते कुणी समजावून सांगत नाही. ग्रीडमध्ये वीज पडून राहत नाही. ज्या क्षणी जेवढी मागणी, त्याच क्षणी तेवढी निर्मिती लागते. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढीच राहिली, तर विजेची वारंवारिता (फ्रिक्वेन्सी) ५० हर्ट्झच्या खाली सरकू लागते, आणि फार खाली गेली तर संच आपोआप बंद पडतात. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात बसलेली माणसं दिवसरात्र हाच तोल सांभाळतात. ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करायचं आवाहन होतं आणि देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटनं उतरली, मग तशीच परत चढली. ग्रीड पडलं नाही, कारण त्या मिनिटांत देशभरातल्या जलविद्युत केंद्रांनी सुमारे साडेसतरा हजार मेगावॅट निर्मिती उतरवली आणि पुन्हा चढवली. कोळशाचा संच एवढ्या वेगानं वर-खाली होत नाही. पाण्याचा होतो, बॅटरी त्याहून वेगानं होते. सौर आणि पवन वाढत जाणार असतील, तर असा हाताशी धरता येणारा साठा वाढवावाच लागेल.

किती? हे माझं मत म्हणून सांगत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३ चा राष्ट्रीय विद्युत आराखडा आहे. कुणालाही वाचता येतो, आणि मेसेजमध्ये “तज्ज्ञ म्हणतात” असं लिहिणाऱ्यानं तो उघडायला हवा होता. त्यात २०३१-३२ साली देशाची कमाल मागणी सुमारे ३ लाख ६६ हजार मेगावॅट धरली आहे. ३० मे २०२४ ला आपण अडीच लाखांचा टप्पा गाठला, म्हणजे हा अंदाज हवेतला नाही. त्यासाठी साठवणीची गरज सुमारे ७४ हजार मेगावॅट: त्यातली जवळपास २६,७०० उदंचनातून आणि ४७,२०० बॅटऱ्यांतून. एकदा पूर्ण भरला तर हा सगळा साठा ४१ कोटी युनिट देऊ शकेल. आराखडा आला तेव्हा देशात उदंचनाची क्षमता पावणेपाच हजार मेगावॅटच्या आसपास होती, आणि तीही सगळी पाणी वर चढवण्यासाठी वापरात नव्हती. एवढी दरी भरायची आहे. पश्चिम ग्रीडमध्ये आपल्यासोबत गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा हे सगळे येतात. पण वर पठार आणि खाली कोकण, मध्ये चार-पाचशे मीटरचा सरळ उतार, ही रचना सह्याद्रीत सलग मिळते. म्हणून कंपन्या आणि सरकार इथे येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरनं भिवपुरीला १,००० आणि शिरवट्याला १,८०० मेगावॅटसाठी राज्याशी करार केला, तो याच कारणानं.

त्याच आराखड्यात कोळसाही आहे, हेही सांगते. २०३१-३२ पर्यंत कोळशाची क्षमता वाढून सुमारे २ लाख ६० हजार मेगावॅट होईल असं त्यात आहे. म्हणजे “कोळसा बंद करून देशाला अंधारात ढकलण्याचा कट” हे मेसेजमधलं वाक्यही खोटं आहे.

आता सातबारा आणि दिवसाची वीज. सत्त्वाचा मुद्दा सगळ्यात खोटा, तसा हा सगळ्यात घातक.

ज्यांनी शेती केली नाही त्यांच्यासाठी आधी हे सांगते. शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतीकडे जाणाऱ्या वाहिनीला, थ्री फेज (मोटार चालवायला लागणारी) वीज पाळीनं मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की थंडीत, अंधारात, चिखलात जाऊन दारं धरावी, म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवावं लागतं. पायाखाली साप असतो. ओल्या हातानं स्टार्टरला हात लावताना शॉक बसतो. अकोले, संगमनेर, जुन्नर या पट्ट्यात उसात बिबट्या असतो. मावसभाऊ रात्री मोटर चालू करायला निघाला की मावशी तो परत येईपर्यंत झोपत नाही. लाईट मध्येच गेली तर पुन्हा चालू करायला परत शेतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात शेतकरी नेते राजू शेट्टींनी महावितरणच्या दारात धरणं धरलं ते शेतीला दिवसा दहा तास वीज द्या या एका मागणीसाठी. ही शेतकऱ्याची स्वतःची, जुनी, न्याय्य मागणी आहे. तिला आमिष म्हणणाऱ्याला रात्रीचं पाणी भरणं म्हणजे काय ते माहीत नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना या मागणीचं उत्तर म्हणून आहे. उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत छोटे सौर प्रकल्प उभारायचे, त्यांची वीज थेट त्या उपकेंद्रात द्यायची आणि शेतीचे फीडर दिवसा चालवायचे. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला, तीन मेगावॅटचा. या योजनेतली वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. जमीन विकली जात नाही, भाडेपट्ट्यानं दिली जाते. खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं आणि त्यावर दर वर्षी तीन टक्के वाढ असं योजनेत ठरलेलं आहे. मालकाचं नाव सातबाऱ्यावर मालक म्हणूनच राहतं, इतर हक्कांच्या रकान्यात भाडेपट्ट्याची नोंद होते. बँकेचा बोजा चढतो त्याच रकान्यात. सातबारा कंपनीच्या नावावर झाल्याचा एक उतारा मेसेजसोबत जोडायला काय हरकत होती? उतारे ऑनलाइन मिळतात.

आणखी एक गोष्ट यात आहे जी मला महत्त्वाची वाटते. राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे शेतीपंप वापरणारे सुमारे ४४ लाख ग्राहक आहेत. हा भार रात्रीतून काढून दुपारी आणला, तर तेवढी वीज साठवण्याची गरजच उरत नाही. दुपारी विहिरीतून शेततळ्यात चढलेलं पाणी ही साठवलेली वीजच आहे, आणि त्यासाठी ना बॅटरी लागते ना बोगदा. घरगुती ग्राहकांनाही जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू झाली, ती याच हिशेबानं. मावशीच्या गावात ठराव अडला तेव्हा गावानं स्वतःची रात्रीची पाळी स्वतःच्या हातानं लांबवली. मेसेज पाठवणाऱ्याला त्याचं काही नाही, तो त्या रात्री शेतात नसणार.

ढगांचं थोडक्यात. पॅनेल तापतात, त्यांच्यावरची हवा आसपासच्या शेतापेक्षा थोडी गरम होते. पाऊस ठरतो तो अरबी समुद्रावरून शेकडो किलोमीटर पसरलेल्या वाऱ्यांनी. काही एकरांवरच्या काचांनी मोसमी ढग पांगत नाहीत. सातारा-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या आल्या आणि नंतर दुष्काळ पडला, तेव्हा “पंख्यांनी ढग पळवले” असंच बोललं गेलं होतं. पुढे त्याच पवनचक्क्या फिरत असताना तिथे पूर आले, तेव्हा मात्र पंख्यांनी ढग आणले असं कुणी म्हटलं नाही.

बॅटऱ्या: ग्रीडवर बसवायच्या बॅटऱ्यांचे करार साधारण बारा-पंधरा वर्षांचे असतात, तेवढी वर्षं ठरलेली क्षमता देण्याची जबाबदारी पुरवठादारावर असते. चार-पाच वर्षांचा आकडा जुन्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून आलेला दिसतो. आगीचा धोका खोटा नाही. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला मोठी आग लागली होती. तिथल्या बॅटऱ्या निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या होत्या आणि एका जुन्या इमारतीत दाटीनं ठेवलेल्या होत्या. आता बहुतेक ठिकाणी लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या, उघड्यावर, कंटेनरमध्ये अंतर सोडून बसवतात. वस्तीपासून अंतर किती ठेवणार, आग विझवायची सोय काय, हे गावानं विचारावंच. आणि “बॅटरी परवडत नाही” हे आता जुनं झालं. २०२२ च्या पहिल्या मोठ्या राष्ट्रीय निविदेत मेगावॅटला महिन्याला सुमारे १०.८ लाख रुपये दर आला होता. २०२४ संपताना तसेच दर अडीच लाखांच्या खाली आले होते.

“कोयना पूर्ण चालवा.” हे वाक्य मला अनेक शिकलेल्या माणसांनीही ऐकवलं आहे, म्हणून थोडं गणित. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे, ती महाराष्ट्राच्या विजेचा कणा आहे, आणि तिचा अभिमान मलाही आहे. पण क्षमता म्हणजे पाणी नाही. कृष्णा पाणी तंटा लवादानं वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. एवढं पाणी पावणेपाचशे मीटर खाली आणून आणि पुढे कोळकेवाडीच्या तिसऱ्या टप्प्यातून पुन्हा फिरवून पावणेतीनशे कोटी युनिटांच्या आसपास वीज मिळते. सगळे संच पूर्ण ताकदीनं सलग चालवले तर वर्षाचा कोटा साधारण दोन महिन्यांत संपेल. उरलेले दहा महिने काय करायचं? एकट्या महावितरणची मागणी आता २५ हजार मेगावॅटच्या वर जाते. म्हणून कोयना रोज काही तास, मागणी सगळ्यात जास्त असताना चालवली जाते. तेच तिचं खरं काम आहे. आणि उरलेलं पाणी पूर्वेकडे सांगली-साताऱ्याच्या सिंचनाला लागतं. “कोयना पूर्ण चालवा” म्हणणारा त्या शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी मागतोय, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

मेसेजमध्ये एका ओळीत “डोंगर आणि जंगलं उद्योगपतींना विकली” असंही आहे. हे मी नाइलाजानं, पण गंभीरपणे घेते, कारण यात अर्धं खरं आहे. मुळशीच्या लोकांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या मागे उभं राहून जो सत्याग्रह केला तो टाटांच्या विजेच्या धरणाविरुद्धच होता. त्यांच्या जमिनी गेल्या आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्या पुनर्वसनासाठी अजून मोर्चे काढतात. आजचे नवे उदंचन प्रकल्प ज्या कड्यांवर येतात तिथे घनदाट जंगल आहे, आदिवासी वस्त्या आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पाटगाव धरणाचं पाणी उदंचन प्रकल्पासाठी खाली कोकणच्या बाजूला नेण्याच्या प्रस्तावाला भुदरगडच्या लोकांनी विरोध केला, तो समजून घेण्यासारखा आहे. पाणी पुन्हा वापरलं जातं हे खरं असलं तरी तलाव पहिल्यांदा भरायला पाणी लागतंच, आणि दर उन्हाळ्यात जेवढं बाष्पीभवन होतं तेवढं पुन्हा घालावं लागतं. सौर प्रकल्पांना गायरान देतानाही काही गावांत गुरं चारायची जागा गेली. ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांचा त्यात तोटा झाला, भाडं मात्र त्यांना मिळालं नाही.

मावशीला मी परवा फोनवर हेच सांगितलं. सौरचा ठराव पुन्हा विषयपत्रिकेवर घ्यायला लाव, आणि मतदानाआधी तीन गोष्टी लेखी माग. जागा खासगी आहे की गायरान. गायरान असेल तर चराईला पर्यायी जागा कोणती, तिचा गट नंबर काय. प्रकल्प सुरू झाल्यावर कोणत्या फीडरवर, किती ते किती वाजेपर्यंत थ्री फेज मिळणार. आणि योजनेत ग्रामपंचायतीला तीन वर्षं दर वर्षी पाच लाख रुपये आहेत, ते कशावर खर्च होणार. वर डोंगरात उदंचन प्रकल्पाची मोजणी सुरू झाली, तर तिथल्या गावांनी वेगळे प्रश्न विचारायचे: तलाव पहिल्यांदा भरायला पाणी किती आणि कोणत्या धरणाच्या कोट्यातून, उन्हाळ्यातली भर कुठून, जंगलाचे किती हेक्टर, वनहक्काचे दावे निकाली निघाले आहेत का, पेसाखालची (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालची) ग्रामसभा कधी घेणार. ती म्हणाली, हे सगळं कागदावर लिहून पाठव, मला तोंडपाठ राहायचं नाही. पाठवलं आहे. ज्या-ज्या ग्रुपवर तो मेसेज आला असेल, त्या ग्रुपवर हे प्रश्नही टाका.